वरच्या फळीचा बूट

“साहेब, मला नकली माल देऊन फसवलंय! आताच्या आता त्याला आत टाका!”

निवृत्त होऊन बसलो तरी हा आवाज माझ्या कानातून निघत नाही. जिंतूर तालुक्यातले ठाणे, लग्नसराईचे दिवस, भर दुपार. ओरडणारे गृहस्थ झरीकडचे प्राथमिक शिक्षक. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, एका हातात पांढराशुभ्र बूट आणि दुसऱ्या हातात त्याच बुटाचा निघालेला तळवा. आवाज असा, की आतून कडी असती तर कोठडीतल्या आरोपीने स्वतःच लावून घेतली असती.

ठाणे अंमलदाराने त्यांना बसवून पाणी दिले. हा माझा नियम होता. ओरडत आलेल्याला आधी तांब्या द्यावा, कारण पाणी पिताना कोणालाच ओरडता येत नाही. तेवढ्या वेळात माणूस थोडा जमिनीवर येतो.

गुरुजींच्या मुलीचे लग्न त्याच दुपारी गावातल्या मंगल कार्यालयात होते. नवरदेव चुडाव्याकडचा. आमच्याकडे नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे करतात. बस्त्याच्या दिवशी दोन्ही घरची माणसे मिळून दुकानात बैठक मारतात आणि दुकानदाराचा चहा संपेपर्यंत उठत नाहीत. सूट झाला, फेटा झाला. नवरदेवाला सुटाखाली बड्या कंपनीचे पांढरे बूट हवे होते. अस्सल घेण्याची गुरुजींची ऐपत नव्हती, म्हणून मंडळी बसस्थानकामागच्या एका दुकानात गेली. तिथे सगळ्याच कंपन्यांचे सगळेच मिळते आणि त्यातले एकही त्या कंपनीचे नसते. मालाच्या तीन फळ्या. खालची ‘चालू’, मधली ‘फर्स्ट कॉपी’ आणि वरची ‘टेन ए’. तिथली गिऱ्हाइके या फळ्यांवर अशी चर्चा करतात, की मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात होत नसेल.

“गुरुजी, तुम्ही मागितलं काय होतं?”

“नकलीच. पण वरच्या फळीचा.”

मी पेन खाली ठेवले. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. एकदा चोरीला गेलेला रोडरोलर नुसत्या वासावरून शोधून काढला, त्याचा साक्षीदार आता हयात नाही. पण नकली वस्तू पुरेशी चांगली नकली निघाली नाही, या गुन्ह्याला कलम कोणते लावायचे? हवालदार म्हणाला, फसवणूक तर झालीच ना. मी त्याला विचारले, मुद्देमालाच्या वर्णनात काय लिहू, ‘अस्सल नकली’?

गुरुजींनी पुढची हकीकत सांगितली. लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, निघाला, नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला गेला, देवळापाशी खाली उतरला आणि बुटाचा तळवा रिकिबीतच राहिला. घोडा निघाला, तळवाही निघाला. वऱ्हाडातली पोरे त्याच्यामागे धावली. नवरदेवाचे काका भडकले. मास्तरांनी दाखवला एक आणि दिला दुसरा, आमची इज्जत घोड्याच्या पायाखाली घातली, म्हणाले. सगळे वऱ्हाड मारुतीच्या ओट्यावर ठाण मांडून बसले. मांडवात पाय ठेवणार नाही. दोघा-तिघांनी गाड्यांची तोंडे पूर्णेच्या रस्त्याला फिरवलीसुद्धा.

एवढे सांगून गुरुजींचा आवाज एकदम बसला.

“साहेब, बूट मरू द्या. पोरीचं लग्न मोडायलंय.”

मी टोपी उचलली.

दुकानदार गळ्यात इंचटेप घालून बसला होता. मी बूट काउंटरवर ठेवला. त्याने बोटाने लांब सारला आणि सांगितले, हा माझा नाही. अशा वेळी नवे अधिकारी काठी आपटतात. माझा अनुभव वेगळा आहे. व्यापाऱ्याला शिव्या दिल्या तर तो हसतो, त्याच्या मालाला नावे ठेवली तर बयान देतो.

“तुझा नसेल,” मी म्हणालो. “परभणीच्या दुकानातला दिसतो. तिथला माल तुझ्यापेक्षा बराच वरचा असतो, असं ऐकलं.”

माणूस असा लाल झाला, की दुकानातले पांढरे बूट गुलाबी दिसायला लागले. शिडी लावून वरच्या फळीवरचा जोड काढला. आतली शिलाई दाखवली. बूट दुमडून सोडला, तो तडक सरळ झाला. माझ्या नाकाला लावून विचारले, येतोय का गोंदाचा वास? मग छातीवर हात ठेवून म्हणाला, “मास्तराला मी हाच दिलाय सायेब. खालच्या फळीचा बूट मी मानाच्या पोशाखाला देतच न्हाई. आमचीबी काई इज्जत हाय.”

आपण नकली मालाची सविस्तर कबुली देतो आहोत, याचे त्याला भान नव्हते. हवालदार शेजारी मुकाट्याने लिहीत होता.

“मग हा खालच्या फळीचा कोणी नेला?”

गिऱ्हाइकाने कोणाला सांगू नका म्हटले आहे, एवढेच म्हणाला. नकली विकणाऱ्याचा हा इमानदारीचा बाणा पाहून माझे डोके फिरायची वेळ आली. मी हवालदाराला मोठ्याने सांगितले, लिही, दोन्ही बूट समोर ठेवून पाहिले, दोहोंत फरक आढळून आला नाही.

“तसं लिहू नका सायेब,” तो काकुळतीला आला. “नवरदेवच येऊन घेऊन गेला की. दिसायला सेम पायजे म्हणला.”

मारुतीच्या देवळामागे मी नवरदेवाला सही घ्यायच्या निमित्ताने बाजूला घेतले. सूट, मुंडावळ्या आणि एक पाय अनवाणी. आधी घसा खाकरला, मग सगळे ओकला. लग्नात मेहुण्या नवरदेवाचे बूट लपवतात. एका मित्राच्या लग्नात त्याच्या मेहुण्यांनी ते पाण्याच्या टाकीत लपवले होते. वरच्या फळीचा जोड असा कोणाच्या हाती कसा द्यायचा? म्हणून या पठ्ठ्याने मेहुण्यांना चोरायला म्हणून एक खालच्या फळीचा जोड आणला, धूळ नको म्हणून परण्याला तोच घातला, आणि चांगला जोड टॉवेलात गुंडाळून जीपच्या सीटखाली ठेवला.

“अरे मग बोलला का नाहीस?”

“काका बोलायले होते सायेब. मधी कसं बोलावं?”

तो बूट घेऊन स्वतःच्याच कपाळावर हाणावा, असे मला वाटले. पण खरे सांगितले असते तर वऱ्हाडाचे हसे झाले असते, आणि हसे झालेले वऱ्हाड रागावलेल्या वऱ्हाडापेक्षा दहा पटीने अडून बसते. दोष घ्यायला कोणीतरी तिसरा हवा होता. मी परत दुकानात जाऊन दुकानदाराला म्हटले, ओट्यावर ये आणि सांग, दुकानात खोकी बदलली.

तो साफ नाही म्हणाला. नकली विकतो म्हणून हवे तर आत टाका, पण चुकीचा माल दिला असे चारचौघांत म्हणणार नाही. शेवटी मी सांगितले, मग तुझ्या तिन्ही फळ्यांचा माल सारखाच, असे मीच ओट्यावर जाहीर करतो. त्याने गळ्यातली इंचटेप काढून ठेवली. मग आला, हात जोडले आणि चूक कबूल केली. जीपमधला जोड ‘बदलून आणलेला’ म्हणून पुढे आला. काकांनी तो दाबला, दुमडला, हुंगला आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असे म्हणाले, “ह्याला म्हणायचं अस्सल.”

वाजंत्री सुरू झाली.

पुढे कंपनीचा माणूस तक्रार घेऊन आला आणि त्या दुकानावर रीतसर कारवाई झाली. जप्तीला दुकानदाराने काहीच हरकत घेतली नाही. एकच विनंती केली, पंचनाम्यात वरच्या फळीचा माल वेगळा लिहा.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. खोटेपणाची माणसाला लाज वाटत नाही, खोट्यात आपण हलक्या प्रतीचे ठरलो तर वाटते. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, वऱ्हाड, सगळ्यांना मी त्या दिवशी बोलते केले आणि सगळ्यांनी मला हेच सांगितले.

अक्षता पडल्यावर गुरुजींनी आग्रहाने जेवायला बसवले. निघताना नवरीला आशीर्वाद द्यायला गेलो. नवरदेव पाहुण्यांत होता. मला राहवले नाही. हिला कळायला हवे, म्हणून जोडाची खरी हकीकत हळूच तिच्या कानावर घातली.

ती खालमानेनेच म्हणाली, “मला माहीत हाय. दोन्हीचा फोटो त्यांनी मलाच पाठवला होता. सेम दिसतेत का म्हणून.”

“अगं पोरी, तुझं लग्न मोडत होतं. बाप ठाण्यात येऊन ओरडत होता. एक शब्द बोलली असतीस तर?”

तिने मुंडावळी सरळ केली.

“मला कुणी इचारलंच न्हाई.”