फुगलेले गाल

अक्कलदाढ काढताना डॉक्टरांनी हिरडी कापली आणि महिनाभर ट्रम्पेट माझ्या ओठांना लागलं नाही. तरी राजापेठेतल्या एका वरातीत मी बँडचा गणवेश चढवून उभा राहिलो. आमच्यात रीतच आहे, आजारी वादकाने रांग मोडायची नाही, नुसते गाल फुगवायचे. ते काम मी फार मन लावून केलं. मधूनमधून डोळेही मिटत होतो.

नवरदेवाकडचा एक म्हातारा माझ्या बाजूनेच नाचत चालला होता. मध्येच थांबून त्याने ट्रम्पेटच्या तोंडाशी कान नेला, मग तळहात धरून पाहिला.

"मास्तर, बोटं त लय चालून राह्यली तुमची. हवा काहून नाई येत?"

"दाढ काढली, काका. बेसूर होईल."

"मंग होऊ द्या ना. मी हाओ नाचाले."

मी फुंकलं. रेडकू ओरडावं तसा आवाज निघाला. नवरदेवाची घोडी बिथरली, नाचणारे जागीच थांबले. म्हातारा तेवढा दोन्ही हात वर करून नाचत राहिला.

पुढे ओठ जमले, सूर परत आला. आता माझ्या वाजवण्यावर पुष्कळ जण नाचतात. त्या रेडकावर नाचलेला तो एकटाच.