काचपट्टीचा नंबर

स्पिरिटचा वास आला की वर्ध्याच्या दवाखान्यातली ती थंडगार खोली आठवते. बायकोच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर होता. “काकाजी, चार राज्यांची मेडिकल कॉलेजं इंटरनेटच्या एकाच वेगवान लाइनवर जोडली आहेत,” तिथली डॉक्टरीण म्हणाली, “हैदराबादचे मोठे डॉक्टर आत्ताच या पट्टीचं चित्र पाहून सांगतील.” मला भरवसा वाटेना. चित्र दुसऱ्याच बाईचं निघालं तर? पडद्यावरच्या डॉक्टरांना मी पट्टीवरचा नंबर वाचायला लावला, सहाही आकडे दवाखान्यानं मला दिलेल्या चिठ्ठीशी ताडले, मग पुन्हा वाचायला लावले. “कॅन्सर नाही,” ते हसून म्हणाले. तरी ती काच घेऊन मी नागपूर गाठलं. तिथंही तेच उत्तर. घरी आल्यावर बायको म्हणाली, “काऊन जी, मले बिमारी झालेलीच पाहिजे होती का तुमाले?” बारा वर्षं झाली. ती ठणठणीत आहे, आणि सहा आकड्यांची ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.