इंजिन बंद करा

औशाहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर आनंदराज मिस्त्रींचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. पाटीवरचं नाव केव्हाच पुसट झालंय, पण पाटी वाचून तिथं कोणी येतही नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि न खोलता बिघाड सांगायचा, ही त्यांची पंचवीस वर्षांची ख्याती. थोडी घमेंडही होती. ती त्यांनी कधी लपवली नाही.

दोन वर्षांपूर्वी गुरुपादप्पांच्या ट्रॅक्टरला त्यांनी असाच कान लावला. बारीक शिट्टी ऐकू आली. गिअरबॉक्सचं बेरिंग गेलं, म्हणाले आणि खोलला. पेरणी तोंडावर, ट्रॅक्टर दोन दिवस खोलून पडलेला, आणि आत सगळं ठणठणीत. गुरुपादप्पांनी वर मजुरीही मोजून दिली, तेच मिस्त्रींना जास्त लागलं. संध्याकाळी गॅरेज बंद केल्यावरही शिट्टी चालूच. ती त्यांच्या डाव्या कानात होती.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. इंजिनाजवळ जन्म गेला म्हणून ऐकणं जरासं उणावलंय, धोका काही नाही. पण हा आवाज जाईलच असं नाही, सवय करून घ्या, म्हणाले. सवय करायची कशी, ते मिस्त्रींना कळेना. दुधानं तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यायला लागले. आवाजाचं काम आलं की दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवायचे. गॅरेजात एखादं इंजिन उगाच चालू ठेवायचे, घरी टीव्ही मोठ्यानं. रविवारी बुद्धविहारात वंदनेनंतर सगळे दहा मिनिटं डोळे मिटून बसतात. तिथं जाणंच सोडलं. शांततेत शिट्टी आणखीच मोठी व्हायची.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी लातूरच्या शिल्पा मॅडमचं नाव दिलं. मॅडम मानसशास्त्रज्ञ. मिस्त्री भडकले.

"कान वाजायलाय माझा. डोकं ठीक हाय."

"मग ठीक हाय, तेवढं तरी त्यांना दाखवून या," त्यांची बायको मनिषा म्हणाली. तिच्यापुढं त्यांचं कधी चाललंय?

मॅडमनी आवाज घालवायचं वचन दिलं नाही. एक वही दिली. शिट्टी ऐकू आली की मनात काय येतं ते लिहा, आणि ती आहे का गेली हे किती वेळा तपासता, त्याच्या रेघा मारा. मिस्त्रींनी लिहिलं, 'बहिरा होणार. धंदा बसणार.' रेघा निघाल्या एका दिवसात बेचाळीस.

"चांगला गिअरबॉक्स दिवसातून बेचाळीस वेळा खोलला तर?" मॅडमनी विचारलं.

"बिघडंल की," मिस्त्री म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले.

मग मॅडमनी कानाचा रिपोर्ट त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. बहिरा होणार असं त्यात कुठंच नव्हतं. पुढचं काम मात्र जड होतं. रोज टीव्ही बंद करून बसायचं. आधी दोन मिनिटं, मग पाच. शिट्टीशी भांडायचं नाही, तिला हाकलायचंही नाही. पहिल्या आठवड्यात मिस्त्री अर्ध्यातून उठून पळाले. चौथ्या आठवड्यात बसल्या जागी त्यांना मनिषाच्या सुपाचा आवाज आला, ज्वारी पाखडल्याचा. शिट्टी होतीच. भीती तेवढी कमी झाली होती.

यंदा पेरणीआधी गुरुपादप्पा पुन्हा फाटकात.

"मिस्त्री, कायतरी वाजायलंय. तुमी बघता, का लातूरला नेऊ?"

मिस्त्रींनी पेचकस टेकवला. तीच बारीक शिट्टी. दोन वर्षांपूर्वी जे सुचलं नव्हतं आणि नंतर करायची हिंमत झाली नव्हती, ते आता त्यांनी केलं.

"आप्पा, इंजिन बंद करा."

सगळं शांत झालं. शिट्टी राहिली. मिस्त्री तिच्यासोबत थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"आता चालू करा."

शिट्टीच्या खालून जाड खरखर आली. पेचकस पुढं सरकवला तशी ती वाढली.

"वॉटर पंपाचं बेरिंग."

"नक्की का?"

"नक्की. शिट्टी माझी हाय आप्पा, खरखर तुमची."

गुरुपादप्पांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.