अर्धी माळ

भद्रावतीच्या कम्प्युटर क्लासमध्ये माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका मास्तराच्या घरचा धंदा मांडवाच्या रोषणाईचा. त्यामुळे कुठलंही मशीन सुरू झालं की तो ओरडायचा, "पेटलं!" मी वैतागून म्हणायचो, "सुरू झालं, असं म्हण."

पोरांच्या सरावाचं प्रोसेसरचं खरं किट जळाल्यावर त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला. मग त्यात सुधारणा करत गेलो, आणि पोरांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी नक्कल सुरूच होईना. जुनी प्रत मात्र झटक्यात सुरू व्हायची. मी चरफडत एकेक ओळ वाचत बसलो.

"काऊन डोकं फोडून राह्यला, भाऊ? माळ अर्धी कर."

त्याने निम्म्या सुधारणा काढल्या. प्रोग्राम सुरू झाला. म्हणजे दोष काढलेल्यांत होता. त्यातल्या निम्म्या परत घातल्या, पुन्हा तपासलं. माळेतला मेलेला बल्ब हुडकावा तसा तो एका बदलापाशी येऊन थांबला. वेग वाढवायला रीसेटची, म्हणजे सुरुवातीला सगळं शून्यावर आणायची पायरीच गाळली होती. बदल त्याचाच होता, आठवडाभर मिरवलेला.

"मीच माळ तोडली ना!" तो खदखदून हसला आणि त्याने पायरी परत घातली.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. त्याने तोंड उघडण्याआधी मीच ओरडलो, "पेटलं!"