पाठकोऱ्या पत्रकांवरचं नाटक

सोमवारी सकाळी मी कारंज्याच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते, तेव्हा विमलकाकूंचा फोन आला. "सर गेले, पोरी. चहा मांडला, हाका मारल्या, त उठलेच नाई." मग म्हणाल्या, "उद्या त्यायचा नंबर हाये ना मशीनवर, थो दुसऱ्या कोनाले द्याले सांगजो. रिकामा नोको जाऊ देऊ." मी हो म्हणाले, फोन ठेवला. मनोहर लव्हाळे सर गेले होते. त्यांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं, त्यांच्या घरी मी अर्धी लहानाची मोठी झाले. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की सहाचे पाच झाले. गेलेल्या माणसावर लिहिताना लोक हळूच स्वतःबद्दल चांगलं लिहून घेतात. मला ते जमणार नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

सहा म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात डायलिसिसला येणारे सहा जण. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या सिस्टरांनी सरांना जीव लावला, त्यांना कोणी उगाच त्रास द्यायला नको. ती मशीन यावी म्हणून आम्ही काही पोरापोरींनी दोन वर्षं पत्रकं काढली, धरणं धरली, साहेबांच्या गाड्या अडवल्या. मशीन आली. आणि सहा महिन्यांत वरून तोंडी निरोप आला, की पेशंट सहाच्या खाली गेले तर ती दुसरीकडे हलवू. लेखी मागितलं, ते दिलं नाही. तेव्हापासून मी माणसं मोजायला लागले. मशीन मिळावी म्हणून भांडले त्या माणसांसाठी, आणि ती टिकावी म्हणून मोजायला लागले त्याच माणसांना.

सर रिसोडला शाळेत होते. मूत्रपिंडाचा धडा आला की बाजारातून बकऱ्याची किडनी आणायचे आणि वर्गात कापून दाखवायचे. बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावून मागे सरकल्या, तेव्हा ट्रे मी धरला होता. "नाकं कायले मुरडता? हे तुमच्याही पोटात हाये. एक धड चालली तरी मानूस जगते," असं म्हणत त्यांनी ब्लेड फिरवलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं, तेव्हा परतीच्या गाडीत ते मला म्हणाले, "इतक्या कापल्या ना मी वर्गात... त्याईनं बदला घेतला." मी हसले नाही. त्यांना वाईट वाटलं, विनोद फुकट गेला म्हणून.

शाळेत ते गॅदरिंगची नाटकं बसवत. रिटायर झाल्यावर स्वतः लिहायला लागले, आणि लिहायला कागद माझे. आमची पत्रकं एका बाजूनेच छापलेली असतात. उरलेले गठ्ठे माझ्या घरी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते सरांच्या बाहेरच्या खोलीत जायचे. सर गठ्ठा सोडायचे आणि पालथा घालून ठेवायचे, कोरी बाजू वर. "तुयी मागनी खालून वाचू दे जमिनीले. मले वरची जागा पायजे," म्हणायचे. निळ्या पेनाने, फळ्यावरच्यासारख्या सुट्या अक्षरात लिहायचे आणि हिरव्या टॅगात पानं ओवून ठेवायचे.

शेवटचं नाटक त्यांनी आजाराच्या आधीच लिहायला घेतलं होतं. त्यात एक आबा आहेत, वय वर्षं एकशे बावन्न. शास्त्रज्ञांच्या एका कंपनीने त्यांना मशीन लावली आहे, इंजेक्शनं चालू आहेत, आणि आबा मरत नाहीत. त्यांची पणती शकू त्यांच्या खाटेशी बसून म्हातारी होते. एवढं मला वाचून दाखवलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मला राग आला होता. मी म्हणाले, "सर, हे मोठ्या शहरातल्या लोकायचं दुखनं हाये. इथं मानूस साठी पाह्यत नाई, अन् तुमी जास्त जगन्याचा तरास सांगून राह्यले."

"म्हंजे दीडशे वर्सं कोनी जगला त त्याचा भार कोनावर पडते, हे इचारायचंच नाई?"

"आधी साठ द्या म्हना. मंग इचारा."

त्यांनी पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'मुद्दा बरोबर.' वहीत शेरा द्यावा तसं. नाटक बाजूला ठेवून दिलं.

मग आजार आला. आठवड्यातून तीनदा अकोला. पहाटे निघायचं, अंधार पडता परत यायचं. मी मशीनसाठी जी पत्रकं काढत होते, त्यांवर तोवर नुसत्या मागण्या होत्या. मला चेहरा हवा होता. सरांच्या निरोप समारंभातला फोटो माझ्याकडे होता, तो टाकला. खाली ठळक छापलं: 'हे सर आज आपल्यात आहेत. उद्याचं काय? जगणं हा हक्क आहे, उपकार नव्हे.' सरांना विचारलं नाही. पत्रकाच्या घाईत विचारायचं राहून गेलं, असं मी तेव्हा म्हणत असे. खरं सांगायचं तर ते नाही म्हणतील अशी भीती होती. त्यांनी तो फोटो पानठेल्यावर चिकटवलेला पाहिला. मला एवढंच म्हणाले, "फोटो बरा निवडला. केसं काळे दिसून राह्यले."

मशीन आल्यावर अकोला सुटलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. शेजारच्या खाटेवर आपल्या नंबरची वाट बघत अनसिंगची रुख्मा असायची. माझ्याच वयाची, पोरगी दुसरीत. सर तिला रिपोर्ट वाचायला शिकवायचे. क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, पाणी किती प्यायचं. ती चुकली की "आठवीत नापास करतो तुले," म्हणायचे, आणि ती, "मी सातवीतच शाळा सोडली, सर, कशी नापास करता?" म्हणून हसायची. मी ते सगळं बघायची आणि मला वाटायचं, जिंकलो आपण.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मशीनवरून उतरल्यावर मी आणि सर एसटीने परत येत होतो. हाताला पट्टी, डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं. बाहेर बघतच ते म्हणाले, "पोरी, मी डॉक्टरले इचारलं. हे थांबवलं त काय व्हते."

"काय म्हणाले?"

"समदं सांगतलं. चांगला मानूस हाये, काही लपवलं नाई. तुया काकूलेही संग घेऊन गेल्तो. ते रडली... पन समजली."

"मंग?"

"थकलो बाप्पा. तीन दिवस मशीन, तीन दिवस मशीनचा थकवा. सोमवार तेवढा माया हाये, थो झोपन्यात जाते."

इथे मी काय बोलायला हवं होतं, ते मला आज माहीत आहे. मी म्हणाले, "सर, पेशंट मोजाले वरून तपासणी येऊन राह्यली. दोन महिने कळ काढा. तुमी थांबले त पाच राह्यतीन, मशीन जाईन, रुख्माले पुन्हा अकोल्याले जा लागन." यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना काय होतंय, हे मात्र मी विचारलं नाही. त्यांच्यापुढे मी रुख्माला उभं केलं. मी नुसता मुद्दा मांडला असता तर त्यांनी तो खोडला असता. चेहरा आला की माणूस गप्प बसतो, हे मला पत्रकांनी शिकवलं होतं.

गाडी दोन थांबे पुढे गेली. मग सर म्हणाले, "बरं."

वर्गात कोणी पाचव्यांदा तीच शंका विचारली की म्हणायचे, तसलं बरं. न रागावता. तपासणी दोन महिने पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. दरवेळी नवी तारीख तोंडीच कळायची. मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनीही नाही.

याच दिवसांत त्यांनी आबांचं नाटक पुन्हा काढलं आणि पहिल्यापासून लिहिलं, माझ्या त्याच फोटोवाल्या पत्रकांच्या मागे. आता त्यात नवीन गोष्ट आली होती. आबांच्या मशीनसाठी गावाला खास लाईन आलेली असते. चोवीस तास वीज, पण आबा जिवंत आहेत तोवरच. मग गाव काही आबांना मरू देत नाही. गिरणीवाला सकाळ-संध्याकाळ येऊन नाडी धरतो. पोरांच्या परीक्षा आल्या की सरपंच हार घेऊन येतो. आबांना साधी शिंक आली तरी देवळात अभिषेक लागतो. वाईट कोणीच नसतं. प्रत्येकाचं काही ना काही त्या लाईनवर चालू असतं. शकूचं तेवढं त्यावर काहीच चालू नसतं. नाटकाचं नाव 'आबाची लाईन'. मी पोट धरून हसले आणि म्हणाले, "आता जमलं, सर. आता हे आपल्या मानसायचं झालं."

"तुयाच्यामुयंच जमलं," सर म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

प्रयोग चैत्रातल्या एका रविवारी, दुपारी चार वाजता, शाळेच्या हॉलमध्ये झाला. आबा स्वतः सर. शाळेचीच लोखंडी खुर्ची, अंगावर घोंगडी, बाजूला मशीनचं म्हणून लाकडी फळीवर ठोकलेलं एक मोठं बटण. पाठांतर राहत नव्हतं म्हणून पानं मांडीवर ठेवली होती, कंपनीचं पत्र आहे असं दाखवून. आबा पत्र वाचायला पान वर धरत, तेव्हा त्याची छापील बाजू आमच्याकडे यायची. एकशे बावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातात काळ्या केसांचे सर, आणि खाली ठळक अक्षरात हक्क. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. कोणीतरी न राहवून म्हणालं, "सर, फोटो दिसून राह्यला." सरांनी पान फिरवून बघितलं आणि परत आमच्याकडे केलं. "दिसू दे. जुना हाये." हॉल हसला.

शेवटच्या प्रवेशात आबा बटणावर हात ठेवतात आणि शकूकडे न बघता, गावाकडे, म्हणजे आमच्याकडे बघतात. "बोला. करू का बंद?" सगळे गप्प. मी दुसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी रुख्मा. वर पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे... मग मागून एक जण मोठ्याने म्हणाला, "राहू द्या, आबा. उन्हाया हाये, पंखे बंद पडतीन."

काय हशा झाला. मीही हसले. आबांनी बटणावरचा हात काढला आणि घोंगडीत घेतला.

"बरं," ते म्हणाले. पडदा पडला.

ते बरं मी ओळखलं. ओळखलं, आणि टाळ्या वाजवल्या.

बाहेर चप्पल शोधताना रुख्मा म्हणाली, "ताई, सर आपल्याले इचारून राह्यले व्हते."

"नाटक होतं ते, रुख्मा."

"हाव," ती म्हणाली. "नाटकच व्हतं."

त्यानंतर पाच आठवड्यांनी तो सोमवार आला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, शनिवार ते मंगळवार मधलं अंतर जास्त असतं, तेव्हा असं होऊ शकतं. म्हणजे सरांनी मशीन सोडली नाही. शेवटच्या शनिवारीही चार तास पडून होते आणि रुख्माला पोटॅशियम विचारत होते. लोक मला समजावतात, बघ, त्यांनी शेवटपर्यंत लढा दिला. हे वाक्य माझ्याच पत्रकांच्या भाषेतलं आहे. ते ऐकलं की मला ओरडावंसं वाटतं. ते लढले नाहीत. ते थांबून राहिले, कारण आम्हाला पंखा हवा होता.

तेरवीनंतर काकूंनी हिरव्या टॅगातली पानं माझ्या हातात दिली. "तुयेच कागद हाये, घेऊन जा." घरी आल्यावर मी शेवटचं पान उघडलं. मला वाटत होतं की प्रयोगात तो मागचा माणूस मध्येच बोलला आणि सरांनी वेळ मारून नेली. तसं नव्हतं. आबांच्या प्रश्नानंतर संवादच लिहिलेला नाही. कंसात सूचना आहे, त्याच सुट्या अक्षरात: 'इथे थांबायचं. लोकांतून कोणी हो म्हटलं तर बटण बंद, अंधार, नाटक संपलं. कोणी नाही म्हटलं तर "बरं" म्हणून हात काढायचा. कोणीच बोललं नाही तर थांबून राहायचं.'

हॉल भरलेला होता. हो म्हणायला एक माणूस पुरे होता. आणि त्या हॉलमध्ये तो प्रश्न आधी एकदा एसटीत ऐकलेली मी एकटीच होते.

मी हो म्हणायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. हो म्हटलं की रुख्मा डोळ्यांपुढे येते, पोरीचा डबा करून ठेवून, अनसिंगच्या एसटी स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट बघत. नाही म्हटलं की खिडकीच्या गजाला टेकलेलं डोकं दिसतं. पत्रकात मी दोन ओळींत निकाल लावते. इथे तो लागत नाही, आणि ज्यांनी माणसांच्या संख्येची अट घालून आम्हाला एकमेकांच्या गळ्यात बांधलं ते तारीख सांगायलासुद्धा समोर येत नाहीत. मशीन अजून आहे. किती दिवस, ते तोंडी कळेल.

गेल्या आठवड्यात नवीन पत्रक छापायला प्रेसवर गेले. यावेळी मागणी एकच लिहिली आहे: एक पेशंट असला तरी मशीन हलणार नाही, हे लेखी द्या. प्रेसवाला म्हणाला, "फोटो सरायचाच टाकू ना? कॉम्प्युटरमंदी हाये."

"फोटो नको."

"मंग मागूनही छापू? दोन्हीकून केलं त मजकूर मोठा येईन."

"मागून कोरं राहू द्या."

"कायले?" त्याने विचारलं. मी पैसे मोजून त्याच्या हातात ठेवले.

गठ्ठा घेऊन पाय सवयीने सरांच्याच घरी गेले. बाहेरच्या खोलीत खुर्ची भिंतीला लावलेली, खिडकीत निळं पेन तसंच. मी गठ्ठा नेहमीच्या कोपऱ्यात ठेवला आणि सुतळी सोडली. काकू पाणी घेऊन आल्या. पेला माझ्या हातात दिला, खाली बसल्या, आणि दोन्ही हातांनी सगळा गठ्ठा उचलून पालथा घातला. कोरी बाजू वर.