जर्ब आणि गुणाकार
कोठीतल्या जुन्या पुस्तकांचा कुबट वास आला की आमचे गणिताचे मास्तर आठवतात. भाषेप्रमाणे राज्यं नव्यानं आखली त्या वर्षांत आमची शाळा उर्दूऐवजी मराठीतून शिकवू लागली, पण मास्तर स्वतः उर्दूतून शिकलेले. मी गणितात नापास. शाळा सुटल्यावर पुस्तकांच्या कोठीत आपला डबा माझ्यापुढे सरकवून, रोज शिकवून त्यांनीच मला वर आणलं. शाळेची प्रगती पाहायला शिक्षणखात्याचे साहेब आले, तेव्हा मास्तर फळ्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवत सवयीनं म्हणाले, “याला तीननं जर्ब द्या.” मी उठून म्हटलं, “मराठीत गुणाकार म्हणतात.” वर्ग हसला. साहेबांनी विचारलं, “गणित कुणी शिकवलं तुला?” मी म्हणालो, “माझं मीच.” मास्तर खडूचे हात पुसत म्हणाले, “हौ साहेब, पोरगा हुशार आहे.” आता नातीचं गणित घेताना माझ्या तोंडून जर्ब हाच शब्द निघतो. ती विचारते, “हे कुणी शिकवलं, आजोबा?” आणि माझी मान खाली जाते.