चिमीच्या तोंडाला फेस

शालनबाई मूळच्या बीडकडच्या. नवरा अर्जुनराव पिंपरीच्या कारखान्यात लागला, म्हणून छप्पन साली त्या चाळीतल्या एका खोलीत आल्या. देहूरोडला एका लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्यात त्या स्वयंपाक करायच्या. हौस एकच, झाडांची. बंगल्यातल्या बाईंनी रुंद, पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांच्या एका झाडाचं कांडं दिलं, ते त्यांनी डालड्याच्या डब्यात लावून खिडकीत ठेवलं होतं. नाव बाईंनाही ठाऊक नव्हतं. शोभेचं झाड, एवढंच.

एका रविवारी दुपारी त्यांच्या मांजरीच्या, चिमीच्या, तोंडातून फेसाळ लाळ गळायला लागली. ती पंजाने तोंड ओरबाडायची, भिंतीला घासायची. सहा वर्षांच्या छबूने काय अडकलंय ते बघायला तिचा जबडा उघडला, तशी चिमी बोटाला कडकडून चावली.

शालनबाईंनी छबूला ओढतच मोरीवर नेलं. महिन्यापूर्वी गावठाणातला एक जण पिसाळलेलं कुत्रं चावल्याने मेला होता. त्याचं शेवटचं ओरडणं चाळीपर्यंत ऐकू आलं होतं.

शेजारच्या अंबूबाई जुन्या गावातल्या. त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "पिसाळलीया गं ही."

"पाणी ठेवलं तर तोंड फिरवलं तिनं," साबणाने छबूचं बोट पुन्हा पुन्हा धूत शालनबाई पुटपुटल्या.

"मंग झालंच की! पोरीला चौदा सुया, त्या बी पोटात. आन् हिला आदी मारा."

अर्जुनरावांनी काठी घेतली, पण हात उचलवेना. "मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते. मावशी, तुम्हीच घाला एक."

"वा रं वा! मांजर तुजी आन् पाप माजं व्हय?"

शेवटी चिमीवर टोपली पालथी घातली. दवाखाना पाचला उघडणार होता. अजून दोन तास. पोटाशी धरलेल्या छबूचं अंग गरम लागतंय की आपलेच हात गार पडलेत, शालनबाईंना कळेना. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली. डब्यातली दोन पानं कुरतडलेली होती. एक अर्धं खालीच पडलं होतं.

यानंच झालं असेल का, कुणाला विचारायचं? त्या उठल्या आणि एका पानाचा देठ तोडून कचकन चावला.

क्षणभर काहीच नाही. मग जिभेत शेकडो टाचण्या घुसल्या. ओठ सुजले, लाळ थांबेना. त्यांनी झाडाकडे बोट केलं, मग टोपलीकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे.

अर्जुनरावांच्या हातातली काठी गळाली. "झाडानं! झाडानं झालंय चिमीला!"

"सोबंसाठी इख आणलं व्हय गं घरात?" अंबूबाई ओरडल्या. "ताक दे तिला, ताक!"

"दवाखान्यात तर जायचंच," अर्जुनराव म्हणाले. "आता मायलेकी दोघींना दाखवायचं."

शालनबाईंनी छबूकडे हात पसरले. छबू मागे सरकली आणि अंबूबाईंच्या लुगड्याआड दडली.

"आजी," ती कुजबुजली, "आता आई पण चावंल का मला?"

शालनबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. जीभ हलली नाही, नुसती लाळ गळली.